“किती वाजता पोचतोस?” या प्रश्नाचं खरं उत्तर

(एपिसोडचं हे लिखित रूप. अडखळलेलं तेवढं काढलं आहे, बाकी बोललो तसंच ठेवलं आहे.)

कोणी मेट्रोत असाल, कोणी हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये, कोणी तिकडे डलासमध्ये भांडी घासता घासता ऐकत असाल. आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी सुचवला होता: परदेशातून घरी येतानाचा लांबचा विमानप्रवास. उशीर, कनेक्शन, रात्रभर विमानतळावर बसणं, सगळं आलं त्यात. पाय कसे मोकळे करायचे, कुठला नियम माहीत असायला हवा, हे सांगणारच आहे. पण जास्त बोलणार आहे ते त्या एका प्रश्नावर, जो घरून फोनवर हमखास येतो. “किती वाजता पोचतोस?”

साधा प्रश्न आहे. पण कधी कधी त्याच्या उत्तरावर घरचे फार मोठा निर्णय घेणार असतात. तेव्हा तिकिटावर छापलेली वेळ वाचून दाखवणं पुरत नाही.

नागपूरकराचा प्रवास तीन तुकड्यांचा का असतो

आधी आपल्या गावाबद्दल. एक गोष्ट मला फार मजेशीर वाटते. आज नागपूरच्या माणसाला अमेरिकेतून घरी यायला दुसऱ्या कोणाच्या तरी गावात विमान बदलावं लागतं. पण एके काळी अख्ख्या देशाची पत्रं नागपुरात विमान बदलायची! जानेवारी 1949 मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. रफी अहमद किडवई तेव्हा दळणवळण मंत्री होते. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास, चारही शहरांतून रात्री डाकोटा विमानं निघायची आणि मध्यरात्रीच्या सुमाराला सोनेगावला जमायची. टपालाच्या पिशव्यांची अदलाबदल व्हायची, प्रवासीसुद्धा विमान बदलायचे, आणि विमानं पहाटे आपापल्या गावी परत. दिल्लीत संध्याकाळी टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी मद्रासला. ही सेवा 1970 च्या दशकापर्यंत चालली.

यालाच आज ‘हब’ म्हणतात. चार शहरांना एकमेकांशी थेट जोडायचं तर सहा मार्ग लागतात. मधे एक नागपूर ठेवलं की चारच पुरतात. विमानं कमी, खर्च कमी. पण अट एकच, चारही विमानं वेळेवर यायला हवीत. एकाला उशीर झाला की बाकीच्यांनी थांबायचं, नाहीतर त्याचं टपाल मागे ठेवून निघायचं. टपालाची पिशवी मागे राहिली तर ती तक्रार करत नाही. माणूस मागे राहतो तेव्हा त्याच्या घरी कोणीतरी जागं असतं.

आज नागपूरहून थेट परदेशी विमानं म्हणजे दोहा, शारजा, एवढीच मोजकी. त्यात जागा मिळाली तर उत्तम. नाही मिळाली, तर अमेरिकेतून येताना एक थांबा युरोपात किंवा आखातात, दुसरा मुंबईला किंवा दिल्लीला, आणि मग नागपूर. तीन विमानं.

आता थोडं गणित. समजा प्रत्येक विमान वेळेवर असण्याची शक्यता 90 टक्के. ऐकायला मस्त वाटतं. पण तिन्ही वेळेवर असण्याची शक्यता 0.9 गुणिले 0.9 गुणिले 0.9, म्हणजे जवळपास 73 टक्के. प्रत्येकी 85 धरली तर 61. (हे आकडे मी उदाहरणासाठी घेतलेत, कुठल्या सर्व्हेचे नाहीत.) मधे चार-पाच तासांचा थांबा असेल तर तो थोडाफार उशीर पोटात घेतो, म्हणून दोन कनेक्शनमध्ये मोकळा वेळ असणं चांगलं. पण दीड तासाचं कनेक्शन म्हणजे काहीच पोटात घेत नाही. आपल्या कोडिंगच्या भाषेत सांगायचं तर एकामागून एक तीन सर्व्हिस कॉल आहेत, तिन्ही चालले तरच उत्तर येतं, आणि मधे रिट्राय करायचा तर चोवीस तासांनी.

मी “थांबू नका” का म्हणालो

आता जे सांगतो ते थोडं जड आहे. पण त्याशिवाय हा विषय अर्धा राहील.

मी प्रोजेक्टसाठी शिकागोला होतो. जानेवारी महिना. सोमवारी संध्याकाळी साडेसहाला बाबांचा फोन आला. नागपुरात मंगळवारची पहाट, सहा वाजले होते. आजी गेली. झोपेतच. ब्याऐंशी वर्षांची होती.

त्याच रात्री दहाचं विमान मिळालं. शिकागो ते युरोपातलं एक मोठं विमानतळ, तिथून दिल्ली, दिल्लीहून नागपूर. तिकिटावर पोचायची वेळ बुधवारी सकाळी सव्वाअकरा. मी घरच्या ग्रुपवर तिकिटाचा फोटो टाकला. बाबा म्हणाले, “ठीक आहे, बघू. तू नीघ.”

पण गेटवर पोचलो तेव्हा बर्फ पडत होता. बर्फात विमान सोडायच्या आधी पंखांवर गरम द्रव फवारून बर्फ काढतात, त्याला डी-आयसिंग म्हणतात. ते केल्याशिवाय उडायची परवानगीच नसते, कारण पंखावर बर्फाचा पातळ थर असला तरी विमानाला हवेत धरून ठेवणारा जोर कमी होतो. त्या रात्री फवारणीला मोठी रांग होती. बोर्डवर आधी एक तास उशीर दिसला, मग दोन, मग तीन.

इकडे घरी नातेवाईक जमत होते. अमरावतीची आत्या आली, वर्धेचे काका निघाले. शीतपेटी आणून ठेवली होती. बाबांचा परत फोन आला. आवाज एकदम हळू. “काय करू रे? थांबू का तुझ्यासाठी? सगळे विचारून राहिले. उद्या सकाळपर्यंत ठेवता येईल, असं म्हणतात.”

परदेशात राहणाऱ्या प्रत्येकाला या प्रश्नाची मनातून भीती असते. आपण त्याबद्दल बोलत नाही, एवढंच.

मी म्हणालो, पाच मिनिटं द्या. आणि कागद काढला. विमान तीन तास उशिरा निघालं तर युरोपात उतरायला पाऊण दिवस उलटलेला असेल आणि माझ्या हातात पुढच्या विमानासाठी पंधरा मिनिटं राहतील. दार तर त्याच्याही आधी बंद होतं. म्हणजे ते विमान सुटलंच. पुढचं दुसऱ्या दिवशी. मग दिल्ली, जानेवारीत, पहाटे सव्वापाचला. त्या वेळी तिथे धुकं असणं म्हणजे आपल्याकडे मे महिन्यात ऊन असण्यासारखं. लवकरात लवकर बुधवार सकाळ, पण तसं होण्याची शक्यता जवळपास शून्य. साधारणपणे गुरुवार दुपार. उशिरात उशिरा शुक्रवार.

फोन केला आणि हेच तीन आकडे बाबांना सांगितले. म्हटलं, “बाबा, माझ्यासाठी थांबू नका. आजच करा.” ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “बरं.” फोन आत्याने घेतला. “तिच्या पायावर डोकं ठेवायचं होतं ना तुले?” मी म्हटलं, “हो. पण तिला तीन दिवस पेटीत ठेवून नको.”

मंगळवारी दुपारी चारला अंबाझरी घाटावर अंत्यसंस्कार झाले. त्या वेळी मी अटलांटिकवर होतो. समोरच्या स्क्रीनवर नकाशा, छोटंसं विमान, खाली नुसता निळा रंग. शेजारच्या बाईंनी विचारलं, “घरी चाललात का?” मी हो म्हटलं. त्यांनी आपल्याकडची चिक्की पुढे केली. मी खाल्ली. भूक लागली होती, खरं सांगतो.

पुढे सगळं तसंच झालं. युरोपातलं विमान सुटलं. कंपनीने दुसऱ्या दिवशीच्या विमानात जागा दिली, जेवणाची कुपनं दिली. हॉटेलसुद्धा देत होते, पण विमानतळाबाहेर पडायला व्हिसा लागतो, तो माझ्याकडे नव्हता. म्हणून रात्र आतच, खुर्च्यांवर. गुरुवारी पहाटे दिल्लीवर धुकं. काही वेळ घिरट्या घातल्या, मग विमान जयपूरला नेलं. तिथे चार तास विमानातच बसून. अकराच्या सुमाराला दिल्ली. संध्याकाळी सहाचं विमान, आणि पावणेआठला नागपूर. तिकिटावरचे पावणेसव्वीस तास, प्रत्यक्षात अठ्ठावन्न.

घरी पोचलो तेव्हा राख सावडून झाली होती. शुक्रवारी सकाळी आम्ही अस्थी घेऊन रामटेकला गेलो, अंबाळा तलावावर. कलश मी धरला होता. दहावा, तेरवी, सगळ्याला होतो. आजीचा चेहरा बघायला मिळाला नाही, ते आहेच. त्याची भरपाई कशानेही होत नाही, आणि मी तसं म्हणणारही नाही. पण घरात म्हाताऱ्या माणसांनी त्या पेटीशेजारी तीन रात्री काढल्या नाहीत. दर दोन तासांनी “आता कुठे पोचला?” असं विचारत बसावं लागलं नाही.

मी सगळ्यांनी “थांबू नका” असंच म्हणावं, असं सांगत नाही. प्रत्येक घर वेगळं. काही घरांत थांबणंच योग्य असतं, मुलगा यायचा असेल तर बहुतेक थांबतातच. मी एवढंच म्हणतो, त्यांना निर्णय घ्यायचा आहे, तर त्यांच्या हातात खरी माहिती द्या. एक वेळ नाही, तीन वेळा: लवकरात लवकर, साधारणपणे, उशिरात उशिरा.

उशीर का होतो आणि का वाढत जातो

तो तिसरा आकडा नेहमी आपल्याला वाटतो त्याच्यापेक्षा मोठा असतो. का, ते समजून घ्या.

दिल्लीचं धुकं घ्या. तिथे अशी यंत्रणा आहे की धावपट्टीवर 50 मीटरपर्यंतच दिसत असलं तरी विमान उतरू शकतं. पण त्यासाठी विमानात तशी उपकरणं हवीत आणि वैमानिकाचं तसं प्रशिक्षण झालेलं हवं. शिवाय धुक्यात दोन विमानांमधलं अंतर वाढवतात, म्हणून तासाला कमी विमानं उतरतात. बाकीची हवेत घिरट्या घालतात. इंधन ठरावीक पातळीला आलं की दुसरीकडे जावंच लागतं.

दुसऱ्या विमानतळावर थांबलं की दुसरंच घड्याळ सुरू होतं. वैमानिक आणि केबिन क्रू यांच्या ड्यूटीच्या तासांना कायद्याने मर्यादा आहे. ती संपली तर धुकं विरलं तरी विमान हलत नाही, नवा क्रू यावा लागतो. हा नियम आपल्याच जिवासाठी आहे, म्हणून तिथे काउंटरवर ओरडून काही होत नाही.

आणि काही गोष्टी कोणाच्याच हातात नसतात. 16 एप्रिल 2024 ला दुबईत विक्रमी पाऊस झाला आणि जगातलं एक सगळ्यात गजबजलेलं विमानतळ कित्येक दिवस विस्कळीत राहिलं. 23 जून 2025 ला कतारने आपलं आकाश काही तास बंद केलं आणि दोह्याकडे निघालेली विमानं भलतीकडेच उतरली.

आपलं नागपूरही कधी कधी असं कोणाचं तरी ‘भलतीकडे’ असतं. देशाच्या मधोमध असल्यामुळे खूप विमानं आपल्या डोक्यावरून जातात, आणि वर कोणाची तब्येत बिघडली की सोनेगाव जवळ पडतं. 27 ऑगस्ट 2021 ला मस्कतहून ढाक्याला जाणाऱ्या बांगलादेशी विमानाच्या कॅप्टनला रायपूरच्या आसपास हृदयविकाराचा झटका आला. सहवैमानिकाने विमान नागपूरला सुखरूप उतरवलं. कॅप्टनला इथे हॉस्पिटलमध्ये नेलं, पण काही दिवसांनी ते गेले. त्या विमानात घरी निघालेली माणसं होती, आणि ढाक्यात त्यांची वाट बघणाऱ्यांनाही कोणीतरी एक वेळ सांगितलेली असणार.

तिकीट काढताना आणि अडकल्यावर

आता कामाच्या गोष्टी, पटापट.

एक. सगळा प्रवास एकाच पीएनआरवर, नागपूरपर्यंत. मधलं विमान सुटलं तर पुढे पोचवायची जबाबदारी कंपनीची राहते. मला दोनदा नवी जागा मिळाली आणि एक रुपया लागला नाही, ते याच्यामुळे. मुंबईपर्यंत एक तिकीट आणि पुढचं वेगळं स्वस्तात घेतलं, तर मुंबईला उशिरा उतरलेल्या माणसाशी दुसऱ्या कंपनीचा काही संबंध नसतो. तुम्ही तिच्यासाठी फक्त आला नाहीत.

दोन. मुंबई-दिल्लीला साधारणपणे इमिग्रेशन झाल्यावर बॅग स्वतः घ्यावी लागते, कस्टममधून न्यावी लागते आणि पुन्हा द्यावी लागते. टॅगवर नागपूर लिहिलेलं असलं तरी आधी विचारा. यात दीड-दोन तास सहज जातात. मुंबईत टी-2 वरून टी-1 ला जायचं असेल तर त्याला लागणारा वेळही धरा.

तीन. ट्रान्झिट व्हिसाचे नियम देशागणिक वेगळे आहेत आणि बदलत राहतात. भारतीय पासपोर्टवर कुठून जाऊ शकतो, हे तिकीट काढायच्या आधी त्या देशाच्या सरकारी वेबसाइटवर बघा. घाईतल्या प्रवासात तर नक्कीच.

चार. हक्क माहीत ठेवा. आपल्या डीजीसीएच्या नियमांप्रमाणे अडीच तासांपर्यंतच्या विमानाला, म्हणजे दिल्ली-नागपूर किंवा मुंबई-नागपूर, दोन तास किंवा जास्त उशीर होणार असेल तर खाणं-पिणं द्यायला हवं. सहा तासांच्या वर उशीर असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, हा पर्याय मिळायला हवा. चोवीस तासांच्या वर गेलं, किंवा रात्री आठ ते पहाटे तीनमधलं विमान सहा तासांहून जास्त लांबलं, तर हॉटेल. युरोपातून सुटणाऱ्या विमानाला युरोपचा नियम लागतो. शेवटच्या ठिकाणी तीन तासांहून जास्त उशीर झाला तर लांबच्या प्रवासाला 600 युरोपर्यंत भरपाई असते. बर्फ, धुकं अशा कारणांसाठी ती मिळत नाही, पण जेवण आणि राहण्याची सोय तेव्हाही द्यावीच लागते. बॅग उशिरा मिळाली तर ती हातात आल्यापासून 21 दिवसांत, आणि फुटली असेल तर 7 दिवसांत लेखी तक्रार करायची. भारतात ‘एअरसेवा’ अ‍ॅपवरही तक्रार करता येते.

पाच. शेवटच्या टप्प्यासाठी जमिनीवरचा रस्ता डोक्यात ठेवा. मुंबईहून रात्रीची दुरांतो, विदर्भ एक्सप्रेस आहे. 701 किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून 2025 पासून पूर्ण सुरू झाला आहे. पण दोन रात्री न झोपलेल्या माणसाने स्वतः गाडी चालवायची नाही. ड्रायव्हर घ्या, पैसे गेले तरी चालतील.

सहा. शरीर. विमानातली हवा फार कोरडी असते आणि आतला दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असल्यासारखा. म्हणून डोकं दुखतं, ओठ फुटतात. पाणी पीत राहा, दर दीड-दोन तासांनी उठून चाला, पोटऱ्या हलवत राहा, कारण तासन् तास बसून पायात रक्ताची गुठळी होऊ शकते. रोजची औषधं, चार्जर, पॉवर बँक, एक कपड्यांचा जोड आणि टूथब्रश हातातल्या बॅगेत. पॉवर बँक चेक-इन बॅगेत चालत नाही. आणि तोंड धुवा. चोविसाव्या तासाला गार पाण्याने तोंड धुतल्यावर माणूस परत माणसात येतो.

घरच्यांसाठी

शेवटचं, आणि हे तुमच्या आई-बाबांनाही ऐकवा. विमान ट्रॅक करायचं अ‍ॅप त्यांच्या फोनमध्ये टाकून द्या, पण त्याचबरोबर सांगा की समुद्रावर असताना तो ठिपका कधी कधी दिसेनासा होतो. विमान पडलं नाही, सिग्नल नाही. माझी आई पहिल्यांदा तो ठिपका गेला तेव्हा देवासमोर जाऊन बसली होती.

आणि दर तासाला “अजून उशीर” असा मेसेज टाकू नका. त्याने सगळे जागे राहतात, आणि करता कोणालाच काही येत नाही. पुढचा मेसेज कधी येणार ते सांगा: “दिल्लीला उतरलो की फोन करीन, तोपर्यंत झोपा.” आणि मग खरंच तेव्हाच करा. माणसं उशीर सहन करतात. कधी कळणार हेच माहीत नसेल तर मात्र ती तुटतात.

पुढच्या वेळी तिकीट काढलं की घरच्या ग्रुपवर फक्त फोटो टाकू नका. त्याखाली तीन ओळी लिहा. लवकरात लवकर कधी, साधारणपणे कधी, उशिरात उशिरा कधी. लग्नाला येत असाल तरी लिहा, दिवाळीला येत असाल तरी लिहा. घरच्यांना सवय होऊ द्या. कारण एखाद दिवशी तिकीट वेगळ्याच कारणासाठी काढावं लागेल, आणि त्या दिवशी हे समजावून सांगायची ताकद तुमच्यात नसेल.

चला, आजच्यासाठी एवढंच. विमानतळावर बसून ऐकत असाल तर उठा, एक चक्कर मारा, पाणी प्या. आणि घरी फोन करा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.